मानखुर्दची थंडी आणि सोळाशे मीटर

सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंद. पोलीस शिपाई भरतीत मुलाला धावण्याचे वीसपैकी वीस गुण हवे असतील तर हे टायमिंग बसवावं लागतं. चारशे मीटरचे चार राऊंड, दर राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलींना आठशे मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. त्यानंतर शंभर मीटर आणि गोळा. सगळं मिळून पन्नास गुणांचं ग्राउंड. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखीचा प्रश्नच उरत नाही, आणि निम्मे मिळूनही निश्चिंत होता येत नाही, कारण लेखीला एका जागेमागे दहा जणांनाच बोलावणं येतं. म्हणून भरतीच्या पोरांच्या तोंडी एकच गोष्ट असते: ‘आउट ऑफ’ मारायचं.

मानखुर्दमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाचला ही मुलं बाहेर पडतात. लल्लूभाई कंपाउंडमधून, पीएमजीपी कॉलनीतून, महाराष्ट्र नगरातून, मंडाळ्यातून. कानटोपी, भावाचं जुनं जर्किन, झिजलेल्या टाचांचे बूट. कुणी रात्रीची ड्युटी संपवून थेट आलेला असतो, कुणाला आठच्या हार्बर लोकलनं कामावर जायचं असतं. धावायला पुरेसं मोकळं मैदान हाताशी नाही, म्हणून सायन-पनवेल महामार्गाचा सर्व्हिस रोड, मेट्रोच्या खांबांखालची पट्टी, वस्तीतला सापडेल तो सरळ रस्ता. मोबाइलवर अंतर मोजून डांबरावर खडूनं किंवा विटेच्या तुकड्यानं रेघ मारलेली असते. ती दिसेनाशी झाली की पुन्हा मारायची. शेजारीच अणुशक्तीनगर आहे, झाडांच्या सावलीतले सुंदर रस्ते आहेत, पण ते फाटकाच्या आत, ओळखपत्र असणाऱ्यांसाठी.

मुंबईत धावायला सर्वांत चांगला गारवा आणि श्वास घ्यायला सर्वांत वाईट हवा मानखुर्दच्या या पहाटेला एकत्र येतात. हिवाळ्यात धावण्याबद्दल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी लिहून येतं: अंगभर कपडे घाला, वॉर्मअप करा, पहाटेची शुद्ध हवा छातीत भरून घ्या. यातला शेवटचा सल्ला मानखुर्दच्या मुलांनी मानला तर त्यांचं नुकसान होतं. आणि तो मानण्यावाचून त्यांच्यापुढे फारसा पर्यायही नाही. या लेखाचा विषय हा आहे.

थंडीत पाय हलके का होतात, ते आधी पाहू. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा शरीर पुढे नेण्यात खर्च होतो, बाकीची उष्णता होऊन बसते. ती बाहेर टाकली नाही तर हृदयाला दोन कामं करावी लागतात: पायांना रक्त पुरवायचं आणि कातडीलाही पुरवायचं. मुंबईत एरवी घाम भरपूर येतो, पण हवेतच इतकी वाफ असते की तो वाळत नाही, नुसता ओघळतो. वाळला नाही तर अंग गार होत नाही. मॅरेथॉनमधल्या वेळांवर झालेले अभ्यास सांगतात, की लांब पल्ल्याच्या धावकाला दहा अंशांच्या आसपासचं तापमान सर्वांत मानवतं. मुंबई तिथवर क्वचितच पोहोचते. सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान सोळा-सतरा अंश असतं. २२ जानेवारी १९६२ रोजी तिथे नोंदलेलं ७.४ अंश हा शहराचा नीचांक. पण मे महिन्यात हटून बसलेलं टायमिंग या सोळा-सतरा अंशांतही खाली येतं, हे भरतीची कोणतीही मुलं सांगतील. ‘थंडीत दम उशिरा लागतो’ असं ती म्हणतात, आणि शरीरशास्त्रही तेच म्हणतं.

जानेवारी २०२३ हा महिना या दृष्टीनं विसरता येण्यासारखा नाही. कोरोनाच्या काळात रखडलेली भरती अखेर लागली होती. राज्यभरात अठरा हजारांवर जागा, त्यांच्यासाठी सुमारे अठरा लाख अर्ज, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मैदानी चाचण्या सुरू. त्याच महिन्याच्या १५ तारखेला मुंबई मॅरेथॉन झाली. २००४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत इथिओपियाच्या हायले लेमीनं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत कापून नवा स्पर्धाविक्रम केला. शहरात थंडी चांगली पडली होती, धावणाऱ्यांचे दिवस होते. आणि तोच हिवाळा मुंबईच्या हवेच्या दृष्टीनं अलीकडच्या काळातला अतिशय वाईट हिवाळा ठरला. दिल्लीच्या बातम्यांत वाचायचे तसले आकडे मुंबईच्या नावापुढे दिसू लागले. ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रणा उभी करणारे शास्त्रज्ञ डॉ. गुफरान बेग यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकून राहिलेल्या ‘ला निना’ या हवामानस्थितीशी जोडला. किनाऱ्यावरचे वारे मंदावले, समुद्राकडून येऊन शहर धुऊन काढणारा वारा वेळेवर फिरेना, आणि इथला धूर-धुरळा इथेच साचून राहिला.

त्या महिन्यात अठरा लाखांतली कित्येक मुलं जीव तोडून धावत होती. फेब्रुवारीत कालिन्याच्या मैदानावर सोळाशे मीटर धावून आलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याचं कारण हवा होती असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण सोळाशे मीटर हे किती टोकाचं धावणं आहे, हे त्या बातमीनं पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

ते टोक आकड्यात पाहता येतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पूर्ण जोरानं धावणारा तरुण ऐंशी-नव्वद लिटर घेतो, त्याहून जास्तही. म्हणजे सोळाशे मीटरच्या त्या पाच मिनिटांत, बसल्या जागी तासाभरात घेतली असती तेवढी हवा छातीतून जाते. शिवाय ती नाकातून जात नाही. नाक हवा गाळतं, ओली करतं, कोमट करतं. दम लागला की तोंड उघडतं आणि हे तिन्ही संस्कार चुकवून थंड, कोरडी हवा सरळ खाली उतरते. काहींच्या श्वासनलिका एवढ्यानंच आवळतात. छातीत शिट्टी वाजते, धावून थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं खोकला सुटत नाही. पोरं त्याला ‘थंडी बाधली’ म्हणतात आणि घरी जाऊन हळद-दूध घेतात. त्यातल्या काहींना दमा असतो, आणि तो कुणी तपासलेला नसतो.

आता ही हवा मानखुर्दमध्ये कशी असते ते पाहू. हिवाळ्याच्या रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन लवकर थंड होते, तिला चिकटलेला हवेचा थरही थंड आणि जड होतो. त्याच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खाली जे पेटतं, जे उडतं, ते वर जाऊ शकत नाही. सूर्य वर येऊन जमीन तापवेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-दहापर्यंत, हे झाकण उघडत नाही. रात्रभराचा धूर पहाटे पाच-सहा-सातला माणसाच्या नाकाच्या उंचीवर तरंगत असतो. दुपारी समुद्राचा वारा सुटला की शहर मोकळं होतं, पण तो वारा पश्चिमेकडून येतो. जुहू-वरळीला तो आधी भेटतो. मानखुर्द पूर्वेला, ठाण्याच्या खाडीला टेकलेलं; तिथे तो अर्धी मुंबई ओलांडून, तिची धूळ अंगावर घेऊन येतो.

आणि स्थानिक धूर काय थोडा आहे? देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस तिथे आग लागली, कित्येक दिवस धुमसत राहिली. तो धूर नासाच्या उपग्रहांनी अवकाशातून टिपला, महापालिकेला या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेही ऐन थंडीचे दिवस होते. आज तिथे साचलेला जुना कचरा एक कोटी पंच्याऐंशी लाख टन असल्याचं महापालिकाच सांगते.  गोवंडीतली दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी हलवा म्हणून रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयानं २०२३ मध्ये त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर रात्रभर ट्रक-डंपर. त्या रस्त्यावर २०२१ साली उड्डाणपूल झाला, गाड्या वर गेल्या, पण धूर उतरून खालच्या घरांवरच येतो. बांधकामांचं सिमेंट, मेट्रोचं खोदकाम, लाकडावरच्या बेकऱ्या.

शिवाय शेकोट्या. वॉचमन, भंगारवाले, रिक्षावाले, रात्रपाळीची माणसं, ज्याला जे मिळेल ते तो पेटवतो: फळकुटं, खोके, रेक्झिनचा तुकडा, तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. मी एका डिसेंबरात त्या मुलांबरोबर सर्व्हिस रोडच्या कडेला उभा होतो. सहा-सात जणांचा गट चारशेचे राऊंड मारत होता आणि प्रत्येक राऊंडला एका ठरावीक जागी सगळ्यांची मान एकदम खाली जायची. तिथे फुटपाथवर शेकोटी होती. त्यांनी आपसांत ठरवलं होतं: विजेच्या खांबापासून टपरीपर्यंत श्वास धरायचा. राऊंड संपल्यावर एकानं रुमालानं नाक पुसलं आणि मला दाखवलं. पांढऱ्या रुमालावर काजळासारख्या दोन रेघा. ‘रोजचं आहे सर,’ तो म्हणाला, ‘घरी गेल्यावर तोंड धुतलं की जातं.’ शेकोटीजवळच्या आजोबांवर कुणाचा राग नव्हता. ‘त्यांनापण थंडी वाजते ना.’

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. मानखुर्दच्या धुराला शेकोटीवाला जबाबदार धरणं सर्वांत सोपं आहे, आणि दरवर्षी तसंच होतं. भट्टीला दोन वर्षांची मुदत मिळते, फुटपाथवरच्या शेकोटीवर मात्र दंडाची पावती लगेच फाटते.

मुलींचं धावणं याहून कठीण. अंधारात त्या एकट्या निघत नाहीत, निघू शकत नाहीत. तीन-चार जणी मिळून येतात, सोबत कुणाची तरी आई. आई बंद दुकानाच्या पायरीवर सगळ्यांचे स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसते. दिवे लागलेले असतात तेवढ्याच पट्ट्यात धावायचं, म्हणजे आठशे मीटरसाठी पुष्कळदा वळावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर वेग तुटतो. दिवे जिथे आहेत तिथे मोठा रस्ता आहे, आणि मोठा रस्ता आहे तिथे ट्रक आहेत. सुरक्षित उजेड हवा असेल तर धूर पत्करायचा, असा हा व्यवहार आहे. ‘ताई, तुम्ही घरी काय सांगून येता?’ असं एकीला विचारलं तर तिनं आईकडे बोट दाखवलं: ‘तिलाच माझ्यापेक्षा जास्त भरती व्हायचंय.’

महाराष्ट्राला थंडीत धावणाऱ्यांची परंपरा आहे आणि ती बहुतेक गरीब घरांची, खेड्यांची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगराळ आदिवासी पट्ट्यात अनवाणी धावत वाढली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचिनच्या बर्फात राहिला, आणि त्यानंतर धावण्याकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं स्टीपलचेसचं रौप्यपदक हुकमी केनियन धावकांना भेदून आलं होतं. मानखुर्दच्या मुलांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ असतात. या मुलांतल्या अनेकांची मुळं सातारा, सोलापूर आणि बीडसह मराठवाड्यातच आहेत. सुट्टीत गावी गेलं की तिथल्या थंडीत धावणं वेगळंच लागतं, असं ती सांगतात: ‘गावाला छाती जळत नाही.’ माणच्या किंवा आष्टीच्या मुलीला चांगला ट्रॅक मिळत नाही, बूट मिळत नाहीत, खुराक पुरत नाही. पण हिवाळ्याची पहाट तिच्या बाजूनं असते. मानखुर्दच्या मुलीच्या वाट्याला तेवढीही साथ येत नाही.

धावून घरी गेल्यावरही फुप्फुसांना विसावा नसतो. लल्लूभाई कंपाउंड हे रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांचं पुनर्वसन. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन उतरत नाही, वारा फिरत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासकांनी २०१८ साली अशा पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास मांडला: हवा-उजेड नसलेल्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त. ज्या मुलाला पाच मिनिटं दहा सेकंदांचं टायमिंग हवंय त्याच्या घरात खोकणारं माणूस असण्याची शक्यता इतर मुंबईपेक्षा अधिक आहे. घाटात किंवा गच्चीत सराव करणाऱ्या धावकाला डॉक्टर जे सल्ले देतात, त्यांत हे गृहीतच धरलेलं नसतं.

मग धावू नये का? अनेक डॉक्टर तसं सांगतात आणि दिल्लीत तर हा वाद न्यायालयात गेला होता. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्ली हाफ मॅरेथॉन पुढे ढकलावी म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशननं उच्च न्यायालयात धाव घेतली. स्पर्धा तरीही झाली. त्याआधी २०१४ साली बीजिंग मॅरेथॉनमध्ये धावक मास्क लावून धावले. हौशी धावकानं वाईट हवेच्या दिवशी घरी बसावं, हे म्हणणं योग्यच आहे. भरतीच्या मुलाला ते सांगता येत नाही. एक महिना सराव थांबला तर त्याची वर्षभराची मेहनत जाते, आणि वय कुणासाठी थांबत नाही.

इथे एक अभ्यास उपयोगी पडतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा एकाच ताजव्यात घातले. हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील, तेव्हा रोज दीड तास सायकल चालवल्यावर तोटा फायद्याला गाठतो, असं त्यांचं गणित. हवा बरी असली की ती मर्यादा पुष्कळ लांब जाते. भारताचं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. सायकलीपेक्षा सोळाशे मीटरचं धावणं किती तरी जास्त दमवणारं, म्हणून गणित जसंच्या तसं लागू होत नाही. तरी त्यातून एक सरळ गोष्ट निघते: सराव सोडण्यापेक्षा सरावाची वेळ बदलणं जास्त कामाचं.

दिवसभराची सरासरी बघून हे कळत नाही, तासागणिक आकडे बघावे लागतात. गोवंडीच्या शिवाजीनगरला हवा मोजणारं महापालिकेचं केंद्र आहे, आकडे फोनवर दिसतात. हिवाळ्यात पहाटेचा उंच चढलेला आकडा दुपारी तीन-चारच्या सुमाराला पुष्कळ उतरलेला असतो. पुन्हा संध्याकाळी सात-आठनंतर चढतो. दुपारी चारला ऊन असतं, तापमान तीसच्या घरात असतं, टायमिंग तेवढं बसत नाही. पण फुप्फुसं वाचतात. म्हणून वेगाचं धावणं, ज्यात श्वास सर्वांत जास्त लागतो, ते सुट्टीच्या दुपारी; पहाटे फक्त गोळा, दोरीवरच्या उड्या, पोटाचे-मांड्यांचे व्यायाम, आणि तेही रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. अशी विभागणी करता येते. धावल्यावर सतत खोकला येणाऱ्यानं एकदा तरी महापालिकेच्या दवाखान्यात छाती तपासून घ्यावी. दम्याचा पंप घेऊन धावणारे खेळाडू जगभर आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भरती घेणाऱ्यांनाही थोडं करता येईल. मैदानी चाचणी पहाटे सुरू करण्याची रीत उन्हाळ्यासाठी शहाणपणाची आहे. जानेवारीतल्या मुंबईत तीच चाचणी सकाळी दहानंतर घेतली तर उमेदवाराला ऊनही बाधत नाही आणि धुरकंही उतरलेलं असतं.

मी ज्या गटाबरोबर होतो त्यांचे सर, स्वतः एकेकाळी भरतीत थोडक्यात राहिलेले, त्यांनी ही विभागणी करून पाहिली. आठवडाभर मुलांनी कुरकुर केली, कारण पहाटे धावल्याशिवाय धावल्यासारखंच वाटत नाही. खरी अडचण रविवारी आली. दुपारी वस्तीतल्या मैदानावर क्रिकेट असतं, एकावेळी चार-पाच सामने, चेंडू कुठूनही येतो. सर क्रिकेटवाल्या मुलांशी बोलायला गेले. त्यांच्यातलाही एक जण भरतीचा अर्ज भरणारा निघाला. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं: रविवारी तीन ते साडेचार मैदानाची बाहेरची कड भरतीवाल्यांची, मुलींचा गट आधी, मुलांचा नंतर, सीमारेषा चार हात आत घ्यायची, आणि चौकार गेलेला चेंडू परत फेकायची जबाबदारी त्या राऊंडला जो शेवटचा असेल त्याची.